थेंबे थेंबे टाकी गळे

दिवाळीत आमच्या साताऱ्याच्या घरी तीन वास असतात. भाजणीचा, उटण्याचा आणि पेट्रोलचा. पहिले दोन तुमच्याही घरी असणार. तिसरा मात्र आमचा खास, खानदानी.

तर झालं असं. २०२५ ची वसुबारस शुक्रवारी आली. म्हणजे आम्हा ऑफिसवाल्यांसाठी सोन्याहून पिवळं! तीनला क्लायंट कॉल, चारला ‘डेंटिस्टकडे जायचंय’ अशी थाप आणि पाचला स्वारगेट. एसटीत बसते न बसते तोच वहिनीचा मेसेज. ‘ताई, आता तुम्हीच बघा. एक तर ती गाडी घराबाहेर जाईल, नाही तर मी आणि बारक्या भाऊबीजेपर्यंत माहेरी.’ वहिनी एरवी मेसेजमध्ये तीन स्माइल्या टाकल्याशिवाय थांबत नाही. या मेसेजमध्ये एकही नव्हती. खंबाटकीच्या जाममध्ये तो मेसेज मी चार वेळा वाचला.

रात्री नऊला मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात शिरले. दारात रांगोळी, रांगोळीत पणती, आतून चकलीचा घमघमाट. आणि दोन पावलं पुढे जाताच तो तिसरा वास. जिन्याखाली ‘ती’ उभी. टाकीखाली रसगुल्ल्याचा पत्र्याचा रिकामा डबा. ट... प. मग बऱ्याच वेळानं, ट... प.

ती म्हणजे येझदी रोडकिंग, मॉडेल १९९४, एमएच ११. जुनी येझदी म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात बनायची. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. २०२२ पासून येझदी नावाच्या नव्या गाड्या पुन्हा आल्यात, पण अण्णांच्या मते ‘तो नुसता नावाचा वारसा’. मुळात ही गाडी घेणं हाच एक हट्ट. साताऱ्यात स्वतःचा स्कूटरचा कारखाना. बजाजच्या भागीदारीतली महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ ची, आणि ‘प्रिया’ स्कूटर इथलीच. गावची स्कूटर सोडून हा माणूस म्हैसूरची मोटारसायकल आणतो! आजी शेवटपर्यंत म्हणायची, ‘ह्याला घरचं गोड लागत न्हाई.’

आणि गाडी तरी कशी? किक आणि गिअरला एकच दांडी. किक मारायची, तीच दांडी पुढे वळवायची, की झाला गिअर. मी कॉलेजात असताना ही गाडी कट्ट्यावर उभी केली की मुलं मला सोडून तिलाच बघायची. त्याआधीची आठवण मात्र टाकीची. अण्णांच्या पुढ्यात, टाकीवर, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेली मी. नव्वदच्या दशकातल्या प्रत्येक मराठी पोराची पहिली सीट तीच. उन्हात तापलेली ती टाकी फ्रॉकखाली कशी चटके द्यायची, ते ज्याला माहीत त्यालाच माहीत.

‘अण्णा, गाडी गळतेय.’

‘गळत नाही गं. पाझरते जराशी.’

जराशी! विहीर आहे का ती? मी मोबाइलचा टॉर्च मारला. टाकीच्या डाव्या कुशीला पुट्टीचे तीन थर होते. एक करडा, एक पांढरा आणि एक बहुतेक बारक्याच्या क्लेचा. त्यावर साबण घासलेला. साबणाची युक्ती वाईट नाही हं. भर रस्त्यात टाकी फुटली तर कोरडी साबणवडी भोकावर घासली की घर गाठण्यापुरतं काम होतं. पण घर गाठण्यापुरतंच. अण्णा तिच्यावर गेली दोन वर्षं काढत होते.

मग एकेक गुपित बाहेर आलं. अण्णा पंपावर कायम शंभराचंच पेट्रोल टाकतात, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही त्याला पेन्शनरची काटकसर समजायचो, वर टिंगलही करायचो. अहो, शंभरात आता लिटरभरसुद्धा येत नाही! खरं कारण वेगळंच होतं. टाकीत जास्त टाकलं की जास्त गळणार. म्हणून जायचं तेवढंच टाकायचं, आल्यावर उरलेलं नळीनं काढायचं आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून जिन्याखाली ठेवायचं. जिन्याच्या पलीकडच्या भिंतीला गॅसचा सिलिंडर. आणि बाटलीवर अजूनही संत्र्याचं चित्र. घरात चार वर्षांचं पोर! आता मात्र मला वहिनीचा मेसेज कळला.

इथे एक सांगायला हवं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. म्हणजे कागदावर. गेली आठ वर्षं मी आयटीत आहे आणि दुरुस्त करते ती फक्त एक्सेल शीट्स. पण सेकंड इयरचं एक लेक्चर डोक्यात पक्कं बसलंय. पेट्रोल पातळ रूपात पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत राहते. कोपऱ्यात, उंबऱ्याशी, खड्ड्यात साचते. आता आमचा बोळ डोळ्यांसमोर आणा. जिन्याखाली थेंब थेंब पेट्रोल, फरशी दाराकडे उतरती आणि दारात, बरोब्बर जमिनीवर, पणती. तिच्याशेजारी उद्या बारक्या फुलबाजी धरून बसणार.

त्या रात्री आधी पणती वर कट्ट्यावर गेली. दादानं आणि मी गाडी ढकलत परसात, उघड्यावर नेली. दादानं मित्राच्या गॅरेजमधून पत्र्याचा झाकणाचा कॅन आणला, टाकीतलं आणि बाटलीतलं पेट्रोल त्यात गेलं. तोही परसातच, घरापासून लांब. बॅटरीची वायर काढून ठेवली. अण्णा ओट्यावर बसून सगळं बघत होते. काही बोलले नाहीत. जेवलेही कमी.

‘विकायची का मग?’ झोपताना त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

मी खरं तर तोच प्लॅन करून आले होते. ऑनलाइन किमतीसुद्धा काढून ठेवल्या होत्या. जुन्या येझदीला हल्ली पुण्यात जाम मागणी आहे. पण तोंडातून निघालं, ‘सकाळी बघू.’

सकाळी, धनत्रयोदशीला, पहिला प्रश्न होता की गळतंय नक्की कुठून. हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. पेट्रोल पत्र्यावरून घसरत जातं आणि थेंब पडतो तो भलत्याच ठिकाणी. कित्येकदा टाकी ठणठणीत असते आणि गळत असतो तो खालचा कॉक, दहा-वीस रुपयांच्या वॉशरपायी. टाकी उतरवायच्या आधी आम्ही पुट्टी खरवडली, पत्रा कोरडा पुसला आणि आईची टाल्कम पावडर खालच्या बाजूला भुरभुरली. मग कॅनमधलं थोडं पेट्रोल परत टाकलं. पाच मिनिटांत पांढऱ्या पावडरीवर तेलकट पिवळा ठिपका उमटला. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये टूटी ऑइल घातलेलं. पेट्रोल उडून जातं, पण ऑइलचा डाग मागे राहतो. गळती टाकीच्या डाव्या कुशीत, सगळ्यात खालच्या जोडाला होती.

डाव्याच का? मी गाडीकडे बघत राहिले आणि मग ट्यूब पेटली. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली.

‘अण्णा, हा साइड स्टँड कधी बसवला? ही तर मेन स्टँडला असायची.’

‘झाली चार-पाच वर्षं. मेन स्टँडला चढत नाही आता.’

‘गाडी?’

‘गाडी चढते गं. माझं गुडघं ऐकत नाही.’

हे आईलासुद्धा माहीत नव्हतं.

पाणी पेट्रोलपेक्षा जड. टाकीत शिरलेलं पाणी तळाशी जाऊन बसतं आणि गाडी डावीकडे कललेली असली की डाव्या कुशीतल्या जोडात. चार-पाच वर्षं ते तिथेच बसून पत्रा कुरतडत होतं. बरं, बंद टाकीत पाणी येतं कुठून? टाकी श्वास घेते हो! पेट्रोल खाली जाईल तशी हवा आत यावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर. रात्री गार होते, हवा आत. साताऱ्याच्या पावसाळ्यात ती हवा म्हणजे निम्मं पाणीच. आतल्या गार पत्र्यावर दव धरतं. टाकी भरलेली असेल तर हवेला जागाच कमी. रिकामी असेल तर सगळा आतला पत्रा उघडा. म्हणजे बघा, गळू नये म्हणून अण्णा टाकी रिकामी ठेवत होते आणि रिकामी ठेवल्यानं ती आणखी गंजत होती.

त्यात हल्लीच्या पेट्रोलचा हिशोब वेगळा. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ मध्ये देशानं तेवढ्या मिश्रणाचं टार्गेटही गाठलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून जातं, तोपर्यंत ठीक. प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून वेगळे होतात आणि तळाशी जातात. गाडी रोज पळत असेल तर एवढं काही होत नाही. महिनोन् महिने उभी असेल तर होतं. गंमत म्हणजे आमचे एक काका कराडकडे ऊस लावतात. इथेनॉलमुळे कारखान्याला चार पैसे बरे मिळतात म्हणून ते खूश. त्यांचा ऊस आमच्या टाकीत येऊन असा वागतो, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दहाला आम्ही टाकी उतरवून उस्तादांकडे नेली. उस्ताद म्हणजे पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला रेडिएटरचं दुकान असलेले गृहस्थ. टाकी गळायला लागली की लोक वेल्डरकडे धावतात. अनुभवी माणूस रेडिएटरवाल्याकडे जातो. पातळ पत्र्याला डाग द्यायचा हात त्यांचाच.

उस्तादांनी टाकी हातात घेतली, झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि टाकी मला परत दिली.

‘धुवून आणा.’

‘रिकामी आहे, उस्ताद. रात्रीच काढलंय सगळं.’

त्यांनी शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगाळलेल्या कागदासारखी.

‘शिकाऊ होतो तेव्हाची. स्कूटरची टाकी,’ ते म्हणाले. ‘रिकामीच होती.’

मंडळी, या लेखातलं एवढं एक वाक्य कापून फ्रिजवर लावा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच ती भडकते. त्याहून कमी असली तर पेटत नाही, जास्त असली तरी आतल्या आत पेटत नाही. काठोकाठ टाकीत हवेला जागाच नसते. आणि चमचाभर पेट्रोल राहिलेल्या ‘रिकाम्या’ टाकीत नेमकं हेच मिश्रण तयार बसलेलं असतं, ठिणगीची वाट बघत. हे पेट्रोल सांध्यात, गंजात मुरलेलं असतं, वर्षभरानंतरही वाफ सोडतं. तेव्हा प्लीज, व्हिडिओ बघून घरी टाकीला आच दाखवू नका. धुणं वगैरे तुम्ही करा, आगीचं काम आयुष्यभर तेच करणाऱ्याला करू दे.

आमच्या वाट्याला धुणं आलं. दोन दिवस मिळाले, कारण रविवारी उस्ताद दुकान उघडत नाहीत आणि दिवाळीची गिऱ्हाइकं त्यांना डोक्यावरून पाणी होती. परसात अण्णा, मी आणि ती टाकी. कॉकच्या भोकाला बूच मारलं, कढत पाणी आणि कपडे धुवायची पावडर घातली, हलवलं, ओतलं. पुन्हा. आणि पुन्हा. मग आत मूठभर नट आणि सायकलच्या जुन्या चेनचा तुकडा टाकून टाकी चक्क घुसळली. दहा मिनिटं अण्णा, दहा मिनिटं मी. ऑफिसच्या जिमला महिन्याला पैसे भरते मी, पण खांदे असे कधीच भरून आले नव्हते. शेजारच्या काकू गच्चीवरून विचारतात, ‘काय गं, ताक करताय का?’

जे बाहेर आलं ते बघून आम्ही गप्प झालो. तांबडा रट्टा. आणि त्याच्या खाली बोटाला मऊ लागेल असा करडा, बारीक गाळ. गंज चुरचुरतो. हा चुरचुरत नव्हता.

अण्णांनी तो चिमटीत घेऊन चोळला. ‘सांगलीचा आहे हा,’ ते म्हणाले.

२००५ मध्ये अण्णांची बदली सांगलीला होती. आम्ही सातारला, ते तिथे एकटे, भाड्याच्या खोलीत. जुलै संपता संपता कृष्णेला महापूर आला. खोली वरच्या मजल्यावर, गाडी खाली. चार दिवस गाडी पाण्यात बुडालेली. मी तेव्हा पाचवी-सहावीत. फोन लागत नव्हते, एवढंच आठवतं. पाणी ओसरल्यावर सांगलीत एकाच वेळी हजारो गाड्या दुरुस्तीला. ज्या गॅरेजमध्ये ही गेली तिथे इंजिन खोललं, कार्बोरेटर धुतला. टाकी नुसती उपडी करून पाणी काढलं आणि पेट्रोल भरून दिलं. त्यांचं तरी काय चुकलं? रांग दाराबाहेर होती.

‘पहिल्या मजल्याच्या जिन्यावर बसून बघायचो,’ अण्णा म्हणाले. ‘आधी चाकं गेली. मग सीट. शेवटाला नुसता आरसा दिसत होता. तोही गेला तेव्हा वाटलं, आता काय उरलं. आणि खाली आलो तर तशीच उभी. पडलीसुद्धा नव्हती.’

वीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. आम्ही विचारलीही नव्हती म्हणा. मी पुढचं पाणी ओतलं.

‘गळतंय हे आधीच का नाही सांगितलंत?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?’

मी ओतत राहिले. काय म्हणणार होते, ते माझ्या मोबाइलमध्ये किमतीसकट सेव्ह होतं.

गंज काढायला आम्ही लिंबूसत्व वापरलं. किराण्याच्या दुकानात मिळतं ते, साधं. अर्धा किलो, गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरायची आणि रात्रभर ठेवायची. आई म्हणाली, ‘तांब्याला चिंच लावतो तसंच ना?’ अगदी तसंच. आंबट पदार्थ गंज खातो. आमच्याकडे उसाच्या मळीत लोखंड बुडवून ठेवायची जुनी युक्तीही आहे. ती गंज काढतेही फार छान, पत्र्याला धक्का न लावता. पण तिला दोन-तीन आठवडे लागतात आणि मला गुरुवारी रात्री पुण्याला परतायचं होतं. ॲसिडवाल्या जहाल बाटल्याही मिळतात. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

सोमवारी नरक चतुर्दशी. पहाटे पाचला घरात सगळ्यात आधी अभ्यंगस्नान झालं ते टाकीचं. लिंबूसत्व ओतून दिलं, खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं खळखळून धुतली, हेअर ड्रायरनं वाळवली. तो माझा, ब्रँडेड, आणि त्याला आता कायमचा वास लागलाय. वाळवायला उशीर केला तर तासाभरात नवा गंज धरतो, म्हणून घाई. आत टॉर्च मारला तर पत्रा चंदेरी राखाडी. आम्ही दोघं एकमेकांना टाळी द्यायच्या बेतात होतो. मग अण्णांनी टॉर्च आत धरला आणि मी बाहेरून बघितलं. डाव्या जोडावर उजेडाचे तीन बारीक ठिपके.

काल एक होतं. आज तीन.

अण्णांचा चेहरा उतरला. ‘होती ती बरी होती म्हणायची.’ मलाही वाटलं, झालं, आता आपणच वाट लावली. उस्तादांना फोन केला तर ते हसले. ‘ताई, भोकं जुनीच हायत. गंज बुचासारखा बसला व्हता, त्यो काढला तुम्ही. आता खरी टाकी दिसायला लागली. या घेऊन.’

दुकानात उस्तादांचा पुतण्या होता. एकदम स्मार्ट, हातात फोन. त्याचं म्हणणं, डागबिग सोडा, आतून इपॉक्सीचं लायनिंग ओता, टाकी लाइफटाइम. उस्ताद नाक मुरडत होते. माझं मत विचाराल तर दोघंही थोडे थोडे बरोबर. टाकीची चाळण झाली असेल तर लायनिंगशिवाय इलाज नसतो. पण लायनिंग धरतं ते फक्त स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर. गंजावर ओतलेलं काही दिवसांनी पापडासारखं सुटतं, त्याचे तुकडे कॉकमध्ये अडकतात. शिवाय ते इथेनॉलला टिकणारं आहे ना, हे डब्यावर वाचून घ्यावं लागतं. आमच्याकडे तीन भोकं होती, एकाच रेषेत. डाग पुरेसा होता.

उस्तादांनी टाकी उलटी केली, म्हणजे भोकं वर. झाकणाला रबर लावून ते घट्ट बसवलं आणि कॉकच्या भोकातून आत पाणी भरलं, पत्र्याखाली बोटभर जागा राहील इतपत. वाफेला थाराच नको. ते भोक तसंच उघडं ठेवलं. मग पत्रा कानशीनं घासून चकचकीत केला, त्यावर फ्लक्सचं ॲसिड ब्रशनं फिरवलं. चर्र! शेगडी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्यात तांब्याच्या टोकाचं जाडजूड सोल्डरिंगचं हत्यार तापत होतं. टाकीजवळ ज्वाळा येऊच द्यायची नाही, फक्त तापलेलं तांबं आणायचं. कथील-शिशाचा डाग दोनशे अंशांच्या आसपास वितळतो. पितळेच्या झाळेला आठशे-नऊशे लागतात आणि वेल्डिंगमध्ये तर पत्राच वितळतो. मिलिमीटरभर जाडीचा पत्रा, त्यात गंजून निम्मा झालेला. तिथे वेल्डिंग केलं असतं तर तीन भोकांचं एक भगदाड झालं असतं.

आधी जोडावर कथलाचा पातळ चंदेरी थर चढला. मग नखापेक्षा थोडं मोठं पितळी पत्र्याचं ठिगळ, त्यालाही कथील लावलेलं. वरून तापलं तांबं टेकवलं. कडांतून चांदीची रेघ फुटली आणि क्षणात गोठली. सगळं मिळून वीस मिनिटं. अण्णा पूर्ण वेळ उभे होते, गुडघ्यांसकट. उस्तादांनी स्टूल सरकवलं तरी बसले नाहीत.

पुढे पंक्चरवाल्यासारखं. सगळी भोकं बंद, एकीतून नळी, टाकी पाण्याच्या टबात, आणि उस्तादांनी तोंडानंच फुंकर मारली. कॉम्प्रेसर लावला तर टाकी फुगते म्हणे. आम्ही सगळे टबावर वाकलो. बुडबुडा नाही. दुसरी फुंकर. नाही. फ्लक्सचं ॲसिड राहिलं तर तेच पुन्हा पत्रा खाईल, म्हणून शेवटी सोड्याच्या पाण्यानं आणखी एक आंघोळ. मग थोडं टूटी ऑइल आत घालून टाकी सगळीकडून फिरवली, पत्र्याला पातळ तेलाचा हात बसला.

बिल झालं सहाशे रुपये. अण्णांनी सातशे दिले आणि सुटे परत घेतले नाहीत. शंभराचं पेट्रोल टाकणारे अण्णा!

मंगळवारी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी टाकी जागेवर बसली. पेट्रोलची नळी नवी, मध्ये छोटा फिल्टरही टाकला. कॉक मात्र जुनाच ठेवला. अण्णा म्हणाले, ‘चांगला आहे तो.’ नवव्या किकला गाडी सुरू झाली. बोळभर निळा धूर, बारक्या कानावर हात ठेवून नाचतोय, वहिनी दारात, कमरेवर हात. पण हसत होती. दादानं कबूल केलंय की रोज रात्री गाडी तो मेन स्टँडला लावेल, आणि परसातच. त्यासाठी जुनं पत्र्याचं शेडही आवरलं.

पंपावर मी चालवत गेले, अण्णा मागे. पोरानं सवयीनं विचारलं, ‘काका, शंभरचं?’

‘फुल्ल कर,’ अण्णा म्हणाले. ‘पण गळ्यापर्यंत नको, दोन बोटं सोड.’

मी गुरुवारी पुण्याला परतले. शुक्रवारपासून अण्णांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. व्हॉट्सॲपवर एरवी नुसते गुड मॉर्निंगची फुलं पाठवणारा हा माणूस रोज सकाळी सात वाजता रसगुल्ल्याच्या डब्याचा फोटो पाठवू लागला. रिकामा डबा, कोरडा. खाली कॅप्शन नाही, काही नाही. नऊ दिवस नऊ फोटो. स्टँड-अप मीटिंगच्या आधी मी तो बघायचे, मग लॅपटॉप उघडायचे.

दहाव्या दिवशी फोटोत डब्याच्या तळाशी एक ओला ठिपका. माझ्या पोटात गोळाच आला. फोन लावणार तोच त्यांचाच फोन.

‘घाबरू नकोस. डाग पक्का आहे, पावडर टाकून बघितलं. कॉकचा वॉशर गेलाय. वॉशर आणलाय मी.’

‘मग बसवून घ्या ना उस्तादांकडून.’

‘उस्ताद कशाला? रविवारी येतेयस ना तू? आणि हो, तो दहा-अकराचा पाना कुठं ठेवलायस? परसात सगळीकडं शोधला मी.’